‘ण’चा खण

“नाव?”

जाळीपलीकडच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं. त्याच्या पुढ्यात कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा होता आणि पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं. माझ्या मागे पंचवीसेक माणसांची रांग होती.

“अहो, नाव सांगा. झोप लागली काय उभ्या उभ्या?”

“रघुवीर गणपत उबाळे,” मी म्हणालो.

“वय?”

“त्रेचाळीस.”

“काम काय करता?”

“एस.टी. चालक.”

“पत्ता?”

“डेपो वसाहत, खोली नंबर सहा.”

“कुणाला दाखवायचंय?”

याचं उत्तर मला पाठ नव्हतं. मी जाळीला तोंड लावून काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, “मोठ्यानं बोला.” मग मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, मनोविकार विभाग, फक्त गुरुवार. त्याने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि कागद बाहेर सरकवला. “एकोणीस नंबर. हाक मारतील.”

माझं नाव रघुवीर उबाळे नाही. तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि सायकलीशिवाय मला काही चालवता येत नव्हतं. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल होतो. उबाळे आमचे सभासद क्रमांक ४१२. कारकुनाला मी जे सांगितलं ती सभासदांच्या नोंदवहीतली ओळ होती, जशीच्या तशी. आणि खरे उबाळे त्या वेळी तिथून दोनशे पावलांवर होते. त्यांनी चालवत आणलेल्या सकाळच्या गाडीतूनच मी जिल्ह्याच्या गावी आलो होतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या थांब्यावर उतरताना त्यांनी आरशातून मला हात केला होता.

खोटं नाव सांगायचं हे मी ठरवून गेलो नव्हतो. निदान मला तसं वाटतं. खिडकीपाशी स्वतःचं नाव तोंडातून निघेना, तेव्हा जे जिभेवर होतं ते निघालं. ते जिभेवर का होतं, हे मात्र सांगायला हवं.

त्याआधीचे आठ महिने मला वाचता येत नव्हतं. डोळे ठीक होते. ओळ वाचायचो, दुसरी वाचायचो, तिसरीला पहिली नाहीशी झालेली असायची. ग्रंथपालाची अशी अवस्था झाली तर त्याने कुणाला सांगावं? सभासद विचारायचे, “नवीन काय चांगलं आलंय?” मी मलपृष्ठावरचा मजकूर सांगून वेळ मारून न्यायचो. घरात काही बिघडलेलं नव्हतं. कुमुद होती, लग्न होऊन गेलेली मुलगी सुखात होती. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. तरी सकाळी उठलं की छातीवर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं आणि ते दिवसभर तिथेच असायचं. दुपारी वाचनालयात कुणी नसलं की मी मागच्या खोलीत जाऊन लोखंडी कपाटाला कपाळ टेकून उभा राहायचो. पत्रा गार लागायचा. तेवढंच.

पुण्याला मनावर उपचार करणारे लोक आहेत, दर आठवड्याला तासभर बोलायचं असतं, हे मी मासिकांत वाचलं होतं. पण दर आठवड्याला पुण्याला कशाला जातो म्हणून सांगायचं? आणि तासभर बोलायचं तरी काय? माझ्याकडे एका मिनिटाचंही दुःख नव्हतं. नुसतंच जड होतं.

वाचनालयात या विषयावरचं एकच पुस्तक होतं. तपकिरी बांधणीचं, ‘मनाचे आजार व उपाय’. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला कागदी खिसा असे आणि त्यात एक कार्ड. ज्याने पुस्तक नेलं त्याचा सभासद क्रमांक आणि तारीख त्यावर पडायची. म्हणजे कोणतं पुस्तक कुणी कुणी वाचलं, हे पुस्तकच सांगायचं. त्या कार्डावर माझा क्रमांक पडू नये म्हणून मी ते पुस्तक नोंद न करता पिशवीत घालून घरी नेलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पुस्तक वाचता आलं नाहीच. कार्ड मात्र पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. त्यावर एकच क्रमांक पाच वेळा होता. ४१२. ४१२. ४१२. मला वाटायचं, गावात आपल्यासारखा आणखी एक जण आहे. त्या विचाराने बरं वाटायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

एकोणीस नंबरच्या खोलीतल्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. समोर गार झालेला चहा होता. “काय होतंय, उबाळे?”

“एक प्रकारचं औदासीन्य आहे,” मी म्हणालो. “अकारण. आणि चिकट.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “ड्रायव्हर लोक सहसा औदासीन्य म्हणत नाहीत.”

“वाचनाची सवय होती.”

“होती?”

त्या एका शब्दाने माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसायला काढला. त्यांनी झोप, भूक, जगण्याचा कंटाळा, सगळं विचारलं. मी खरं सांगितलं. नाव सोडून सगळं खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “हे पाहा, हा आजार आहे आणि याला औषध आहे. खरं म्हणजे तुमच्याशी बोलत बसायला हवं, पण बाहेर सत्तर माणसं आहेत. मी दर गुरुवारी सात मिनिटं देऊ शकते. चालेल?”

“चालेल.” मला ती सात मिनिटंही जास्त वाटली होती.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. “चालक म्हणजे बस चालवता? मग एक अडचण आहे. सुरुवातीला या गोळ्यांनी गुंगी येते. तीन आठवडे गाडीवर बसायचं नाही. मी डेपोला चिठ्ठी देते, ते हलकं काम देतील.”

त्या क्षणी सांगता आलं असतं. सात मिनिटांतलं एखादं शिल्लक असेल. मी म्हणालो, “आभारी आहे.”

चिठ्ठीवर शिक्का होता, सही होती, त्या गुरुवारची तारीख होती. श्री. र. ग. उबाळे, चालक, यांच्यावर मानसिक आजारासाठी उपचार सुरू असून तूर्त तीन आठवडे वाहन चालवण्याचे काम देऊ नये. ती फाडून टाकायला हवी होती. पण सरकारी शिक्क्याचा कागद माझ्याच्याने फाडवेना. पिशवीत ते तपकिरी पुस्तक होतं, त्यात मी ती ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक तसंच वाचनालयाच्या कपाटात परत ठेवून दिलं; ते कुणी उघडेल असं वाटलं नाही. दीडच्या गाडीने परत निघालो. गाडी उबाळेच चालवत होते. एका वळणावर बैलगाडी आडवी आली तेव्हा त्यांनी ब्रेक इतका हलक्या हाताने दाबला की शेजारच्या बाईच्या मांडीवरचं मूल जागंही झालं नाही.

घरी कुमुदला सांगितलं होतं, अनुदानाच्या कागदांसाठी जिल्हा ग्रंथालयात जातो. गुरुवारी आमचं वाचनालय बंद असे, त्यामुळे ते खपलं. गोळ्या घरात ठेवणं शक्य नव्हतं. त्या मी वाचनालयात ठेवल्या, तालिकेच्या कपाटात. तालिका म्हणजे पुस्तकांच्या नावांची कार्डं. त्यांना अक्षरवार छोटे खण होते. सुताराला मुळाक्षरांप्रमाणे खण कर म्हणून सांगितलं होतं, तर त्याने इमानदारीने ‘ण’चाही केला होता. ‘ण’ने सुरू होणारं पुस्तक मराठीत नाही. तो खण बावीस वर्षं रिकामा होता आणि कुणीही कधी उघडला नव्हता. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी त्यातली एक गोळी घ्यायचो आणि खण बंद करायचो.

पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो. शिपायाने “उबाळे रघुवीर!” अशी हाक मारली आणि मी उठलो. पहिल्या वेळेपेक्षा लवकर उठलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, “डेपोने काम बदलून दिलं ना?” मी मान हलवली. त्यांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या.

आणि त्यानंतरच्या मंगळवारी मी अडीच पानं वाचली. एका प्रवासवर्णनातली. तिसऱ्या ओळीला पहिली जागेवर होती. मी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडून बघितलं, अजून येतंय का म्हणून. येत होतं. त्या दिवशी मागच्या खोलीत गेलो नाही. पुढे मी जे केलं त्याला हे कारण म्हणून पुरत नाही, पण तेव्हा माझ्या हातात काय होतं, हे सांगायला हवं.

शनिवारी सकाळी गायधनी सर आले. निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष. सर कुठल्याही विषयाचं पुस्तक नेत, आणि अध्यक्ष म्हणून त्यांच्या पुस्तकांची कार्डावर नोंद होत नसे. वाचायला काही उरलं नाही की कपाटातलं शेवटून पहिलं पुस्तक उचलत. आदल्या दिवशी ते काय घेऊन गेले हे मी पाहिलं नव्हतं. कारण मंगळवारपासून मी प्रवासवर्णन वाचत होतो.

त्यांनी तपकिरी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्यातून चिठ्ठी काढली.

“ग्रंथपाल, हे वाचा.”

मी वाचल्यासारखं केलं.

“मनुष्य गाडी चालवतोय, आणि ही चिठ्ठी पुस्तकात लपवून ठेवलीय! पन्नास माणसं बसतात हो त्या गाडीत. माझी सून परवाच जाऊन आली.”

“कदाचित...” मी म्हणालो.

“कदाचित काय?”

“कदाचित चिठ्ठी दुसऱ्या कुणी ठेवली असेल.”

“दुसऱ्या कुणी? उबाळ्याची चिठ्ठी?” सरांनी शेवटचं पान उघडलं, कार्ड काढलं आणि चष्मा कपाळावर चढवून वाचलं. “४१२. पाच वेळा. हा ४१२ कोण?”

नोंदवही बघायची गरज नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. सगळे क्रमांक मला पाठ आहेत, असं तेच वार्षिक सभेत कौतुकाने सांगत.

“उबाळेच ना?”

“हो,” मी म्हणालो.

मी खोटं बोललो नव्हतो. ४१२ म्हणजे उबाळेच. त्या दिवसानंतर कित्येक दिवस मी स्वतःला हे सांगत राहिलो.

सर सरळ डेपोत गेले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते कधीच नसे.

सोमवारी जेवायला बसलो तर कुमुद भात वाढता वाढता म्हणाली, “ऐकलंत का? त्या उबाळे ड्रायव्हरला गाडीवरून उतरवलं.”

“का?”

“डोक्याचं काहीतरी आहे म्हणे. वेड्यांच्या डॉक्टरचा कागद सापडला. आता सगळे म्हणताहेत, त्यांच्या घरात आहेच ते. बहीण आहे ना त्याची, आक्का, नवऱ्याने सोडलेली. तीही तीन वर्षं घराबाहेर आलेली नाही. इतके दिवस कुणाला पत्ता नव्हता, आता बायका खिडकीतून डोकावून बघून येतायत.” तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. “आमटी गार होतेय.”

मी आमटी-भात जेवलो. संध्याकाळी ‘ण’चा खण उघडून गोळीही घेतली.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला उबाळे वाचनालयात आले. खाकी गणवेश नव्हता. साध्या शर्टात ते लहान दिसत होते. वर्तमानपत्रं वाचणारे दोघे होते, ते उठून जाईपर्यंत ते कपाटांसमोर उभे राहिले. मग टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसले.

“सर, ते तपकिरी पुस्तक द्या की जरा.”

मी दिलं. त्यांनी कार्ड काढून बोटाने मोजलं. “एक, दोन, तीन, चार, पाच. पाच येळा नेलं म्हंजे काय वाटतं तुम्हाला? पाच येळा वाचलं?”

मी कार्डाकडे पाहिलं.

“सातव्या पानाच्या फुडं एकदा बी गेलो न्हाई. रात्रपाळीनं डोळं मिटायचं. पुस्तक परत करायची तारीख यायची. पाच येळा सात पानं. आक्कासाठी नेत हुतो. म्हटलं, ती चुलीफुडं बसून असती, रडत बी न्हाई, बोलत बी न्हाई, ह्याला काय म्हणत्यात ते तरी कळंल. डागदरकडं न्यायची तर गावात कळंल, म्हणून पुस्तक.” ते हसले. “आता कळलंच की.”

“उबाळे...”

“थांबा. माझं होऊ द्या. चिठ्ठीवर तारीख हाय. गुरुवार. त्या गुरुवारी माझ्या गाडीतनं सिव्हिलला आपल्या गावची तीन माणसं उतरली. एक कोष्ट्याची बाळंतीण. एक तिची आई.” त्यांनी कार्ड खिशात परत सरकवलं. “तिसरं तुम्ही.”

मी टेबलावरचा तारखेचा शिक्का उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“दुसऱ्या गुरुवारी बी तुम्ही उतरला. मी डेपोत सांगितलं, साहेब मी गेलोच न्हाई. साहेब म्हणाला, गाडी साडेनऊला पोचती, दीडला निघती, मधले चार तास तू कुठं हुतास? मी म्हणालो, गाडीतच झोपलो हुतो. कोण साक्ष देणार त्याला?”

“माझी चूक झाली,” मी म्हणालो. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुढे वाकावं लागलं. “खिडकीपाशी तुमचं नाव तोंडातून गेलं. कसं गेलं मला कळलं नाही.”

“नाव गेलं ते ऱ्हाऊ द्या. घाबरतो माणूस. मी बी घाबरतो.” त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. “पण गायधनी मास्तरांनी तुम्हाला ईचारलं न्हवं, हा कोण म्हणून?”

“विचारलं.”

“मग?”

“मी हो म्हणालो.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. वळणावर पुढचा रस्ता दिसत नसला की चालक जसा बघतो, तसं त्यांनी पाहिलं.

“तुम्ही आजारी हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

मला आठ महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, पण ते उबाळेंना.

“हो.”

“गोळ्यांनी बरं वाटतं?”

“थोडं. वाचता यायला लागलंय.”

“बरं.” ते उठले. “मग उद्या सकाळी डेपोत येऊन साहेबाला सांगा. मोठ्यानं नगं. त्याच्या कानात सांगा. एवढंच करा.”

“येतो,” मी म्हणालो. “नक्की येतो.”

आणि मी गेलो. बुधवारी सकाळी दहा वाजता मी डेपोत गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. डेपो व्यवस्थापकांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. आत दोन कंडक्टर, एक वाहतूक निरीक्षक आणि चहा घेऊन आलेला हॉटेलवाला होता. बाहेर बाकावर उबाळे बसले होते. मला पाहून ते उभे राहिले.

“या ग्रंथपाल!” व्यवस्थापक म्हणाले. तेही आमचे सभासद, ६०३, ऐतिहासिक कादंबऱ्या. “आज इकडे कसे?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मासिकांचं पार्सल आलंय का, ते विचारायला आलो होतो,” मी म्हणालो.

“पार्सल शनिवारी येतं ना तुमचं?”

“हो. शनिवारीच. म्हटलं लवकर आलं असेल.”

मी वळलो. स्टँडच्या फाटकापर्यंत मला पाठीमागून पावलं ऐकू आली. उबाळेंनी मला गाठलं, पण हात लावला नाही.

“पार्सल,” ते म्हणाले, आणि खरोखर हसले. “सर, मी एवढी वर्सं गाडी चालीवतो. घाटात कुणाचं पाय कापत्यात ते मला बघितल्याबगर कळतं. ऐका. उद्या मला सिव्हिलला तपासणीला धाडत्यात. त्याच बाईफुडं बसणार मी. मी आक्काला बी नेणार हाय. आता झाकायचं काय उरलंय? तुम्ही या, न्हाईतर नगा येऊ. मी तुमच्या दारात येणार न्हाई.”

गुरुवारी पहाटे मी जागा होतो. खणातल्या गोळ्या आदल्या संध्याकाळी संपल्या होत्या. मी उबाळेंसाठी निघालो, की गोळ्या संपल्या म्हणून निघालो, हे मी गेली पंचवीस वर्षं स्वतःला विचारतो आहे. उत्तर ज्या बाजूने बरं दिसतं, त्या बाजूला माझा विश्वास बसत नाही.

सव्वासातच्या गाडीवर दुसराच चालक होता. उबाळे तिघांच्या बाकावर कडेला बसले होते. खिडकीशी एक बाई होती. धुवट नऊवारी, डोक्यावरून घट्ट पदर, हात मांडीवर उलटे ठेवलेले. मी मधल्या वाटेत उभा राहिलो. मागे जागा होत्या.

उबाळेंनी वर पाहिलं आणि आक्काच्या बाजूला सरकले. “बसा.”

दोन तास आम्ही तिघे एका बाकावर होतो. एकदा घाट उतरताना नव्या चालकाने गिअर खरडवला तेव्हा उबाळे दातांतल्या दातांत म्हणाले, “अरं हळू, तिला लागतं,” आणि आक्काच्या ओठांची कड हलल्यासारखी मला वाटली.

केसपेपरच्या खिडकीशी रांग होती. मी पुढे होतो. माझ्या मागे उबाळे, त्यांच्या मागे त्यांचा शर्ट मुठीत धरून आक्का. कारकून तोच होता.

“नवा का जुना?” मग त्याने मान वर केली. “जुनाच की. तुम्ही ते एकोणीस नंबरवाले. उबाळे ना? जुना पेपर काढा.”

पेपर माझ्या खिशात होता. “नाही,” मी म्हणालो.

“नाही काय? मीच लिहिलाय की.”

“उबाळे हे आहेत. माझ्या मागे उभे आहेत ते. मी मागे दोन वेळा त्यांच्या नावावर आलो.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. माझ्या मानेवर उबाळेंचा श्वास लागत होता. त्यांनी मला सावरलंही नाही आणि ढकललंही नाही.

“मग तुमचं नाव काय?”

“नरहर बाळकृष्ण सोवनी.”

“मोठ्यानं बोला हो!”

“नरहर बाळकृष्ण सोवनी,” मी म्हणालो. शाळेत हजेरी द्यावी तसा माझा आवाज दालनात घुमला. कुणीतरी हसलं.

“काम?”

“ग्रंथपाल.”

“म्हणजे काय करता?”

“कुणी काय नेलं, त्याची नोंद ठेवतो.”

त्याने ते कसं लिहिलं, मी पाहिलं नाही.

डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना एकदमच आत घेतलं. माझं ऐकून त्या रागावल्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. “एका माणसाची नोकरी गेली असती. तुमच्या त्या औदासीन्यापायी मी खोटा कागद दिला!” मग त्यांनी डेपोसाठी दुसरी चिठ्ठी लिहिली, की या इसमाला मी आजवर कधीही तपासलेलं नाही. त्यानंतर त्या आक्काकडे वळल्या आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. आक्काला त्यांनी सातापेक्षा पुष्कळ जास्त मिनिटं दिली. बाहेर बाकावर उबाळे घड्याळ बघत होते. मी म्हणालो, “निदान त्यांना इथे...”

“सर,” ते म्हणाले, “तुमच्यामुळं आक्का आली, असं म्हणू नका. मी तुमचं उपकार मानायला आलेलो न्हाई.”

मी तेच म्हणणार होतो.

शुक्रवारी वाचनालय उघडलं आणि मी तपकिरी पुस्तकाचं कार्ड काढलं. पाच वेळा ४१२. त्याखाली, ज्या दिवशी पुस्तक पिशवीतून नेलं होतं ती तारीख घालून, माझा क्रमांक लिहिला. ३७. गायधनी सर आल्यावर ते त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. कुमुदला आदल्या रात्री सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, “मला आमटीची काळजी, आणि तुम्ही...” आणि उठून आत गेली होती.

सरांनी कार्ड पुष्कळ वेळ हातात धरलं.

“पण त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, ग्रंथपाल.”

“हो,” मी म्हणालो.

डेपोत ते स्वतः जाऊन आले. त्यानंतर वार्षिक सभेत माझ्या पाठांतराचं कौतुक झालं नाही.

उबाळेंना गाडी मिळाली, पण सकाळची जिल्ह्याची नाही, आडगावची मिळाली. लोकांच्या तोंडी लागलेलं नाव लवकर सुटत नाही. मी दर गुरुवारी सिव्हिलला जात राहिलो, दोन वर्षं. कधी कधी रांगेत आक्का दिसायची, पहिल्यांदा भावाबरोबर, मग शेजारणीबरोबर, मग एकटी. मी मान झुकवायचो. तीही पदर सारखा करायची. गोळ्यांचं पाकीट मी खणातून काढून टेबलावर, तारखेच्या शिक्क्याशेजारी ठेवलं होतं. पहिले काही दिवस लोकांनी पाहिलं, मग पाहायचं सोडलं.

तीनेक महिन्यांनी उबाळे खाकी कपड्यांत वाचनालयात आले. त्यांनी सभासदाचं कार्ड टेबलावर ठेवलं.

“नाव कमी करा, सर.”

“उबाळे, राहू द्या ना. हवं तर नवीन क्रमांक...”

“पुस्तकांवर राग न्हाई. तुमच्यावर बी आता फारसा न्हाई.” ते टोपी हातात फिरवत होते. “पण हितं माझं नाव लिहिलेलं नगं. कुणी बी उचलतं.”

मी नोंदवही उघडली, पट्टी ठेवली आणि त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली. ते ती रेघ वाळेपर्यंत थांबले आणि गेले.

आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे. अजून वाचतो, सावकाश. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात खिडकीशी उभं राहावं लागतं. आतून कुणी “नाव?” म्हणून विचारतं आणि मी क्षणभर गप्प होतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. ऐकू आलेलं असतं. पण रघुवीर गणपत उबाळे, एस.टी. चालक, डेपो वसाहत, खोली नंबर सहा, ही ओळ आधी जिभेवर येते. ती गिळल्याशिवाय मला माझं नाव सांगता येत नाही.